संस्थानानं पुरवलेली आई

कणगीनाथ महाराजांनी म्हणे एका दुष्काळात एका कणगीतून अख्खं गाव जेवू घातलं होतं. महाराज गेले, कणगी संस्थानाकडे राहिली. तेव्हापासून ती जेवू घालायचं विसरली. जेवायचं मात्र नाही.

तूर असो की हरभरा, पिकाचं दहावं टोपलं संस्थानाचं. ज्यानं ते पुरतं वाहिलं, त्याच्या मनगटाला व्यवस्थापक राजकुमारभाऊ पिवळा दोरा बांधत. दोरा असला की मंडपात यायचं, नसला की पायऱ्यांखालून हात जोडायचे. देवाला सगळी लेकरं सारखी, फक्त उभं राहायच्या जागा वेगळ्या.

झुंबरबाई सासरी आली तेव्हापासून ओव्या म्हणत टोपलं भरत आली होती. मग गेल्या पावसाळ्यात नदी वावरात शिरली आणि काळी माती खरवडून घेऊन गेली. गाव संस्थानाच्या दारी गेलं. टोपल्यांचं धान्य साठवायच्या कोठीवर पाटीच होती, ‘अडीनडीसाठी’. राजकुमारभाऊंनी उपरण्यानं डोळे टिपले. “अडचण आहे, मान्य आहे. पण उद्या याहून मोठी आली तर? तेव्हा महाराजांना काय तोंड दाखवायचं?”

एवढी दूरदृष्टी! गाव थक्क झालं आणि उपाशी घरी आलं.

त्यानंतर पेपरात छापून आलं, की जळगाव जामोदच्या रस्त्यावरची दुकानांची अख्खी रांग कोठीतलं धान्य विकूनच उभी राहिली आहे. नावं तेवढी निरनिराळ्या सेवेकऱ्यांची. त्यातल्या एका सेवेकऱ्याला आपण दुकानदार आहोत हे त्या बातमीनंच कळलं. तो तेव्हा दुसऱ्याच्या वावरात तण निंदत होता.

गुरुवारच्या सभेत झुंबरबाई उभी राहिली. “भाऊ, माह्या टोपल्याचं दुकान झालं म्हंतात. कोनतं ते तरी दाखवा. एखाद्या टायमाले साखर उधार भेटन.”

सभा खदखदून हसली. राजकुमारभाऊंनी हात जोडले. “जाणकारांनी सांगितलं तसं आम्ही केलं. नावांचं थोडं इकडंतिकडं झालं, त्याचा खेद आहे. संस्थानापुरता हा विषय संपला.” आणि पेटीवाल्याकडे पाहिलं. लगेच भजन सुरू झालं. तिथं हिशोब विचारला की सूर वरचाच लागायचा.

झुंबरबाईचा विषय काही संपला नाही. तिनं उरल्यासुरल्या वावरातलं यंदाचं हरभऱ्याचं टोपलं शेजारणीच्या ओट्यावर रिकामं केलं. शेजारणीची भिंत पुरानं नेली होती. मनगट बिनदोऱ्याचं राहिलं.

आणि लेकीचं, पूनमचं, लग्न संस्थानाच्याच मंडपात ठरलेलं. नवरदेवाकडची माणसं कट्टर. झुंबरबाईचा नवरा कडूबा यानं गुपचूप उसनं टोपलं वाहून आपल्यापुरता दोरा बांधून घेतला.

“बापाले तरी आत जाऊ दे ना व,” तो खाली मान घालून म्हणाला.

“जा ना. पन कन्यादानाले हातावर पान्याची धार माय धरते. ते कोन धरन?”

त्याचीही सोय संस्थानानं केली होती. “वहिनी, काळजी नको,” राजकुमारभाऊ म्हणाले. “आईची व्यवस्था संस्थान करेल. विश्वस्तांच्या घरच्या शालूबाई आहेत, दोरा चोख आहे.”

“मंग नऊ महिने पोटात मी काऊन वागवलं? तवाच द्यायचं होतं संस्थानाले!”

लग्नाच्या दिवशी ती चपलांच्या ढिगाशेजारी, नळापाशी उभी होती. मंगलाष्टकं भोंग्यातून ऐकू येत होती. ओठांतल्या ओठांत तिनं ओवी धरली:

लेक माही ग पूनम, हळदीनं झाली पिवळी,
माय चपलांपाशी उभी, रक्ताची अन् येगळी.

आत गुरुजी म्हणाले, “आईनं धार धरावी.” शालूबाईंनी तांब्या उचलला. पूनमनं हात मागे घेतला.

“तुमी कोन?”

“अवं, आज मी तुही माय.”

“असं? मंग सांगा, लहानपनी मी चुलीत पडली, तं कुठी भाजली होती?”

शालूबाईंनी राजकुमारभाऊंकडे पाहिलं. हा मुद्दा बैठकीत झाला नव्हता.

पूनम उठली. शेल्याची गाठ बांधलेली, म्हणून नवरदेव गजेंद्रलाही उठावंच लागलं. आणि नवरदेव निघाला म्हटल्यावर वऱ्हाड कशाला मागे राहतं? गुरुजींसकट सगळे पायऱ्यांवर. पूनम मधल्या पायरीवर बसली. वरच्या अंगाला कडूबा, हात पसरून.

“माय, धर धार.”

तांब्या शालूबाईंच्या हातात आतच राहिला होता. झुंबरबाईनं नळ सोडला, ओंजळ भरली.

तेवढ्यात भोंगा खाकरला. “भाविकांना कळवण्यात आनंद होतो, की ज्यांना मंडपात येणं जमत नाही, त्यांच्यासाठी संस्थानानं आजपासून पायरीवर विवाहाची खास सोय केली आहे. नाममात्र सेवाशुल्कात.” टाळ्या पडल्या. काहींनी तर मनापासून वाजवल्या.

झुंबरबाईला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. चार पावलं चालेपर्यंत ओंजळीतलं निम्मं पाणी बोटांतून गळालं. बापाच्या हातावरून लेकीच्या हातावर, तिथून जावयाच्या हातावर जेमतेम थेंब उतरले.

“थांब व बाई, अजून आनते.”

“आन ना,” पूनम हात तसेच धरून म्हणाली. “मी कुठी जाऊन राह्यली?”

तेव्हा कुठं झुंबरबाईला रडू फुटलं.