जावयाची कुबडी बंदूक

माझ्या जावयाला, ओव्हिदला, देवाने खांदे बैलाचे दिले आणि डोकं द्यायच्या वेळी देव जेवायला उठला. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, म्हणजे पाठीमागे बोलल्याचं पाप नको.

त्या वर्षी त्याने बोटीचं इंजिन देऊन बंदूक घेतली. पाद्रीबाबांना मी हे दोनदा सांगितलं तेव्हा कुठे त्यांना पटलं. आम्ही राहतो खाजणात, दारात पाणी, चर्चला जायचं तरी पाणी, आणि हा गाढव चालतं इंजिन अॅबव्हिलच्या जुन्या सामानाच्या दुकानात ठेवून आला. तिथे गंजके गळ, खेकड्यांचे पिंजरे, कुणाच्या मेलेल्या काकाचे बूट, आणि त्या ढिगाखाली ही बंदूक. बेल्जियमची, माझ्या लग्नाआधीची, मागून कुबड आल्यासारखी उंच. एकदा भरली की नुसता घोडा दाबत जायचं, पुढचं काडतूस ती आपणच वर घेते.

"आई, अशी बंदूक आता बनत नाही," ओव्हिद म्हणाला.

"तुझ्यासारखा जावईही बनत नाही. बोट कशाने चालवणार?"

"बांबूने ढकलीन. सासरेबाबा नाही का ढकलायचे?"

"ते बांबूने ढकलायचे. तू तोंडाने ढकलशील."

हा सगळा खटाटोप माझ्या आडोशासाठी होता. माझा नवरा क्लेओफास गेला आणि तळ्याच्या टोकाचा त्याचा शिकारीचा आडोसा माझ्याकडे आला. पाण्यात रोवलेलं मचाण आणि भोवती लव्हाळ्याची भिंत, बस एवढंच. पण बदकं तिथे इतकी उतरतात की सकाळ झाली का ते बघायला क्लेओफास दोन-चारांना बाजूला सरका म्हणायचा. आता माझे गुडघे तिथवर नेत नाहीत. म्हणून मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, मोसमाच्या पहिल्या सकाळी ज्याचं बदक माझ्या गंबोच्या, म्हणजे आमच्या दाट रश्श्याच्या, पातेल्यात आधी पडेल, आडोसा त्याचा, कायमचा.

उमेदवार दोन. एक ओव्हिद. दुसरी माझी भाची नोएमी, जी गावातल्या बायकांचे केस कापते आणि त्यांच्या नवऱ्यांची अब्रू. ओव्हिद इतकी वर्षं भातगिरणीमागच्या चारीत बसून बगळ्यांना घाबरवत होता. आडोसा हुकला तर जन्मभर चारीच. त्यात शहाण्याने लेक चार्ल्स शहरातल्या आपल्या मित्रांना आधीच आमंत्रण दिलेलं, "माझ्या आडोशात या" म्हणून.

आदल्या दुपारी ओसरीवर बंदूक खोलून बसला. आमच्याकडची हवा खारी. लोखंड उघडं ठेवलं तर जेवून हात धुवेपर्यंत गंजतं. म्हणून आम्ही सगळ्याला डुकराची चरबी फासतो, कुलपाला, कात्रीला, बिजागऱ्यांना. माझ्या सासूने चष्म्याच्या काड्यांना लावली होती, चष्मा घसरून पाण्यात पडला आणि त्यानंतर आमच्या तळ्यातल्या एका सुसरीला लांबचं नीट दिसायला लागलं.

ओव्हिदने चरबीचा डबाच घेतला. नळीखालचं लाकूड काढलं. आत स्प्रिंग आणि तिच्या टोकाला पितळी कडं. या जातीच्या बंदुकीत बार उडाला की अख्खी नळी मागे येते, आणि ती आपटू नये म्हणून ते कडं तिला ब्रेकसारखं धरतं. क्लेओफासकडे तसलीच होती. ते कडं तो नुसतं फडक्याने पुसायचा.

"ओव्हिद, त्या कड्याला चरबी नको. ते पकडायला ठेवलंय."

"गंजेल, आई."

"गाडीच्या ब्रेकला लावतोस चरबी?"

"आई, तुम्ही तुमचा भात बघा."

मी भात बघायला गेले. जाता जाता पाहिलं, बाळाच्या टाळूवर तेल थापावं तशी चरबी थापत होता.

"आई, परत सांग ना त्यांना," माझी लेक एलोडी म्हणाली.

"एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला मी त्याची बायको नाही."

सकाळी मी धक्क्यावरच चूल मांडली, पातेलं चढवलं आणि खुर्ची टाकून बसले. नोएमी लव्हाळ्यात दिसेनाशी झाली. ओव्हिद मात्र तळ्याच्या मधोमध, होडीत उभा. बसून मारलं तर रुबाब दिसत नाही ना.

बदकांचा पहिला थवा आला. ओव्हिदने बार काढला. बदक एकही पडलं नाही. त्याची टोपी पडली, आणि बंदुकीच्या हिसक्याने होडी अशी मागे सुटली की पुढे फेस उसळला. दुसरा बार, होडीने वेग धरला. चष्मेवाल्या सुसरीने त्याला लांबून येताना पाहिलं आणि वाट करून दिली. तो नोएमीच्या लव्हाळ्यावरून उलटाच गेला.

"ओव्हिददादा," ती आतून म्हणाली, "इंजिन परत आणलंस वाटतं?"

तोवर त्याचा खांदा टरबुजाएवढा झाला होता आणि एक डोळा मिटला होता. क्लेओफासने कोरलेलं एक लाकडी बदक, खऱ्यांना भुलवायला सोडतात त्यातलं, दोरी तुटून धक्क्याजवळ तरंगत होतं. ओव्हिदला ते दिसलं. तिसरा बार त्यावर. ते उडालं नाही, नुसतं कलंडलं, आणि होडी मागच्या मागे माझ्या धक्क्यावर येऊन आपटली, तेही फेसाबरोबर मागोमाग आलं. खाली पाडल्याच्या आनंदात त्याने ते मानेला धरून उचललं आणि पळत येऊन पातेल्यात टाकलं. टक्क असा आवाज झाला.

"पहिलं माझं," तो म्हणाला.

"अहो, ते लाकडाचं आहे," एलोडी म्हणाली.

त्याने वाकून पाहिलं. माणूस असता तर गप्प बसला असता. "पण पडलं तर आधी माझंच."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "माझ्या पातेल्यातलं मात्र खावं लागतं. खाऊन दाखव, आडोसा तुझा."

भात वाढला, वर रस्सा, वर बदक. तेवढ्यात नोएमी दोन बदकं घेऊन आली आणि बघत उभी राहिली. मला वाटलं आता तरी ताट सरकवेल. नाही. आमंत्रण दिलेले शहरातले मित्र डोळ्यापुढे आले असतील. त्याने दोन्ही हातांनी बदक धरलं आणि पंखाला कडकडून चावला.

बदक तसंच राहिलं. दात त्यात राहिला.

"मीठ कमी आहे का, दादा?" नोएमीने विचारलं आणि आपली बदकं माझ्या हातात दिली.

आडोसा तिचा झाला. मित्र आले, त्यांना ओव्हिदने चारीत बसवलं, ते परत कधी आले नाहीत. कुबडी बंदुकीला तर तो हात लावेना. नोएमीने मागितली तेव्हा त्याने ती देऊन तिचं जुनं वल्हं घेतलं. तिने कडं रॉकेलने धुतलं, फडक्याने पुसलं, आणि आता ती बंदूक इतका हलका हिसका देते की नोएमी एका हाताने कॉफी पीत बदकं मारते. मारलेलं बदक कॉफीचा घोट संपेपर्यंत हवेत थांबतं.

लाकडी बदक माझ्या फळीवर आहे. दातासकट. कुणी आलं की मी ते खाली काढते, आणि ओव्हिद घरात असला तर त्यालाच काढायला सांगते.