कापसाचे बोळे

भागूबाईला वाघाची भीती वाटत नसे, कारण त्या डोंगरात वाघ नव्हते. बाकी जे जे होतं त्या सगळ्याची वाटे. छपरावरून बर्फ घसरला की ती टेबलाखाली डोकं घालायची. कोल्हा ओरडला की ती शिलाई मशीनचं चाक घट्ट धरून बसायची. घुबडाचं तर नावच नको. भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते नणंदेनं ठेवलेलं, आणि इतकं चपखल बसलेलं की पोस्टमनसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचा.

नवरा गेल्यावर तिनं शहरातलं शिवणाचं दुकान बंद केलं, मशीन गाडीच्या टपावर बांधलं आणि ती नणंदेकडे राहायला आली. नणंद म्हणजे ताई, नवऱ्याची थोरली बहीण. बिनलग्नाची. सगळी नोकरी रोप-वेच्या यंत्रघरात केलेली, जिथे दोन माणसांना बोलायचं तर हातवारे करावे लागत. निवृत्त झाल्यावर माणसं डोंगर उतरतात. ही आणखी वर चढली आणि रस्ता संपतो तिथल्या लाकडी घरात राहायला लागली.

हिवाळा आला की ताईला भरतं यायचं. सकाळी उठून ती पहिल्यांदा अंगणातल्या ताज्या बर्फावरचे ठसे बघायची. "हा ससा बघ, मागचे पाय पुढे टाकून गेलाय. आणि हा कोल्हा. कसा सरळ गेलाय, तुझ्या शिलाईसारखा!" मग व्हरांड्यात उभं राहून बोट वर करायची. "ऐक! सुतारपक्षी आला. कसा ठोकतोय बघ! ऐकलंस ना?"

"हो, हो. छानच," भागूबाई म्हणायची.

आता खरं सांगायचं तर तिला काडीचं ऐकू येत नसे. पहिला बर्फ पडला की ती दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबायची आणि वरून लोकरीचा स्कार्फ आवळायची. थंडीसाठी, असं सांगायची. पण कारण वेगळं होतं. जो आवाज ऐकलाच नाही त्याला घाबरायचं कसं, असा तिचा सरळ हिशोब होता. घरात आल्यावर मशीन चालवताना तेवढे बोळे काढायची. त्यामुळे ताईनं सुतार म्हटलं की हो, घुबड म्हटलं की हो. होला हो म्हणण्यात काय जातंय?

भागूबाईचा मुलगा शहरात असायचा. गेल्या खेपेला आला तेव्हा त्यानं दोघींना समोर बसवून बजावलं होतं, "हात, पाय, डोळे, कान, कुणाचंही काहीही बिघडलं की मी गाडी आणणार आणि दोघींना खाली घेऊन जाणार. मग माझ्याशी वाद घालायचा नाही." ताईचं तोंड तेव्हा एवढंसं झालं होतं. खालच्या फ्लॅटमध्ये मी महिन्याभरात मरेन, असं ती नंतर भांडी घासता घासता म्हणाली. भागूबाई मात्र मनातल्या मनात गाडीची वाट बघत होती.

त्या दिवशी सकाळी रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रॅक्टरवाला दारापर्यंत आला. रात्रभर वारा सुटलेला होता. दोघी व्हरांड्यातच होत्या. भागूबाईचे कान नेमके त्या दिवशी उघडे होते. स्कार्फ धुऊन चुलीवरच्या दोरीवर टाकलेला, आणि घरातला होता नव्हता तो कापूस तिनं एका गिऱ्हाइकाच्या जाकिटात भरून टाकलेला. ट्रॅक्टरवाल्यानं तोंडावर मफलर गुंडाळला होता. तो न काढताच तो बोलला.

"ओढ्यापलीकडे दोन दिवस अजिबात जायचं नाही हं. वाऱ्यानं सगळा बर्फ त्या उतारावर नेऊन थापलाय. नुसता टेकलाय तो, धरून बसलेला नाही. घुम्म असा आवाज आला तर समजायचं, खालचा थर सुटला. मग पाठ दाखवून पळायचं."

"हो, हो, नक्की!" ताई हसून म्हणाली. "चहा घेणार का?"

तो हात हलवून गेला. भागूबाईच्या अंगावर काटा आला होता, पण ताई निवांत होती, आणि ताई निवांत असली की फार घाबरायचं कारण नाही असा भागूबाईचा नेहमीचा अनुभव होता. एवढ्यात ताईनं बोट वर केलं.

"ऐक! आज किती जोरात ठोकतोय!"

भागूबाईनं सवयीनं "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. कुठेही काहीही वाजत नव्हतं. झाडं गप्प, ओढा गोठलेला, ट्रॅक्टरही वळणाआड गेलेला. तिनं कान चोळले. हळूच टाळी वाजवून बघितली. टाळी स्वच्छ ऐकू आली.

म्हणजे हिला भास होतायत, तिच्या मनात आलं. ताईचं डोकं फिरलं. आणि आपण या बर्फात, जिथे हाकेला माणूस नाही, तिथे हिच्याबरोबर एकाच छपराखाली. भागूबाई आत गेली आणि मशीनपाशी बसून नुसतीच सुई ओवत राहिली. दोरा काही केल्या जाईना.

ताई आत आली, चुलीजवळच्या स्टुलावर बसली आणि बूट चढवायला लागली. तिच्या पाठीमागे शिट्टीची किटली होती. पाणी उकळलं आणि किटली ओरडायला लागली. आधी बारीक, मग भिंतीला भोक पडेल इतकी. ताईनं एका बुटाची नाडी बांधली. किटली ओरडतेय. दुसऱ्या बुटाची बांधली. किटली जिवाच्या आकांतानं ओरडतेय. ताई उठली, खुंटीवरची दुर्बीण गळ्यात घातली आणि म्हणाली,

"रानबकऱ्या बघून येते. पाणी उकळलं की चहा टाक, मी आलेच."

दार लागलं.

भागूबाईनं किटली उतरवली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. वेडबिड काही नाही. ताईला ऐकूच येत नव्हतं. एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. ताई फोनवर कधी बोलत नाही, "त्या डबड्याशी कोण बोलणार" म्हणते. आपण बोलताना सारखी तोंडाकडे बघते. आपल्याला वाटायचं, हट्टी आहे, आपल्या बोलण्याला भीक घालत नाही.

आणि पुढचा विचार आला तो भागूबाईला शोभणारा नव्हता, पण आला खरा. कान बिघडले. म्हणजे गाडी येणार! फ्लॅट, खालचा बाजार, रस्त्यावरचे दिवे, बंद खिडकीबाहेर फक्त माणसं. तिनं किटली ठेवून फोन उचललासुद्धा. आकडे दाबता दाबता तिला ट्रॅक्टरवाल्याचा मफलर आठवला.

त्याचं तोंड झाकलेलं होतं. ताईला त्यातलं एक अक्षर कळलेलं नव्हतं. आणि रानबकऱ्या बघायला ताई बसते कुठे? ओढ्यापलीकडे, त्या उताराच्या पायथ्याशी, जुन्या झाडाच्या बुंध्यावर.

भागूबाईनं फोन टाकला आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर धावली. दारात तिला काय सुचलं कोण जाणे, मागे फिरून तिनं कापायच्या टेबलावरचं अस्तराचं लाल सॅटिन ताग्यासकट बगलेत मारलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. "ताई! ताई!" ती ओरडत होती, आणि ओरडताना तिला समजत होतं की आपण शुद्ध मूर्खपणा करतोय. तोंड बंद ठेवून पळालं तर निदान दम तरी पुरेल.

वळणावर भिंत खाली झाली आणि तिला पलीकडचं दिसलं. ताई बुंध्यावर बसली होती, शेंगदाण्याएवढी. तिच्या डोक्यावर तो पांढरा, फुगलेला, नुसता टेकलेला उतार. ओढा ओलांडून तिथवर जायची भागूबाईची छाती नव्हती, आणि गेली असती तरी दोघीही त्याच्याखाली सापडल्या असत्या. ताई डोळ्यांना दुर्बीण लावून होती. आजूबाजूला बघायचं नावच नाही. ती बघत होती ती रस्त्याच्या अलीकडच्या खडकाळ टेकाडाकडे, जिथला बर्फ वाऱ्यानं उडून गेला होता आणि वाळलं गवत खायला रानबकऱ्या जमल्या होत्या.

ताईला काही दाखवायचं तर एकच जागा होती. बकऱ्यांची.

भागूबाईनं एकदा घराकडे बघितलं. मग ती टेकाड चढायला लागली, हातापायांवर, तागा दातांत धरून. वर पोचली तर समोर दहा हातांवर एक दाढीवाला बोकड, तिच्या मशीनच्या टेबलाएवढा उंच, शिंगं मागे कमरेपर्यंत वळलेली. त्याच्या अंगाचा उग्र वास आला. त्यानं एक खूर आपटला. भागूबाईला इतकी भीती वाटली की रडूही येईना.

"जा ना रे बाबा," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या, पण जा."

बोकड जाईना. तेव्हा तिनं डोळे मिटले, ताग्याचं टोक धरलं आणि कापड मोकळं सोडलं. माथ्यावरच्या वाऱ्यानं लाल सॅटिन फडफडत उंच उचललं. खुरांचा खडखडाट झाला, आणि डोळे उघडले तेव्हा टेकाडावर ती एकटीच होती.

पलीकडे ताईनं दुर्बीण खाली केली, पुन्हा लावली. मग ती ताडकन उठली आणि हात नाचवायला लागली. काय बोलत असेल ते इतक्या लांबूनही कळत होतं. सगळ्या बकऱ्या पळवल्यास, अक्कल आहे का, वगैरे. भागूबाई दोन्ही हातांनी "ये, ये" करत होती आणि ताई पाय आपटून भांडत होती. तिनं उताराच्या बाजूला दोन पावलं टाकली मात्र, आणि भागूबाईला तो आवाज ऐकू आला.

घुम्म.

शेजारच्या खोलीत कुणी भिजलेली गादी टाकावी तसा. मोठा नाही, पण तिच्या छातीत तो थेट लागला. ताईला काही कळलं नाही. ती भांडतच होती.

भागूबाईनं हात खाली सोडले आणि धाडकन स्वतःला खडकावर टाकून दिलं. कोपर चांगलंच सोललं. ती मेल्यासारखी पडून राहिली, गाल दगडावर, एक डोळा किलकिला. तिनं ताईचे हात थांबलेले पाहिले. मग ताई पळायला लागली. त्या वयात, त्या बर्फातून, पडत, उठत, ओढा ओलांडून, सरळ तिच्याकडे. ताई रस्त्याला लागली आणि मागे सगळा डोंगर खाली आला. त्या आवाजानं भागूबाईच्या दातांपर्यंत हादरा बसला. ताई मागे न बघता टेकाड चढत होती.

"कुठे लागलं? पाय मोडला का? बोल ना गं!"

भागूबाईनं तिच्या खांद्यावरून मागे बोट केलं. ताई वळली. बर्फाचा धूर अजून खाली बसत होता. बुंधा नव्हता. ओढा कुठे होता तेही कळत नव्हतं.

ताई खडकावर बसली.

"आवाज झाला असेल ना मोठा?"

"झाला."

"मला नाही आला."

"माहीत आहे," भागूबाई म्हणाली, ताईला ओठ दिसतील अशी तोंड समोर करून. "कधीपासून?"

"आधी बारीक आवाज गेले. पक्षी. मग हळूहळू माणसं." ताईनं हातमोजा काढून नाक पुसलं. "रोज सकाळी तुला विचारायचे ना, ऐकलंस का म्हणून. तू हो म्हणायचीस. मला बरं वाटायचं. म्हटलं, आपल्याला नसेल येत ऐकू, पण सुतार आहे अजून."

भागूबाईला आता रडू आलं. सगळा हिवाळा तिनं ताईला खोटा सुतार ऐकवला होता. तिनं कापसाचं सगळं सांगून टाकलं. ताई तिच्या ओठांकडे बघत राहिली, आणि मग अशी हसली की खाली गेलेल्या बकऱ्या पुन्हा पळाल्या.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. ताई समोर बसली होती, डोळे भागूबाईच्या तोंडावर.

"आत्याला ऐकू येत नाही," भागूबाई म्हणाली. ताईनं मान खाली घातली. "हो, बरेच दिवस झाले. आण ना गाडी, नक्की आण. तिला कानाच्या डॉक्टरांना दाखव, मशीन बसवून घे आणि परत इथे आणून सोड. नाही, मी खाली येणार नाही. तोवर काय म्हणजे? तोवर मला ऐकू येतं ना."

फोन ठेवून तिनं हेच सगळं ताईसमोर पुन्हा म्हटलं, कारण मान खाली असल्यामुळे ताईला निम्मं कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई व्हरांड्यात नुसती उभी होती. बोट वर केलं नाही, काही विचारलं नाही. भागूबाई तिच्या शेजारी येऊन थांबली. उघड्या कानांना गारठा झोंबत होता. जंगलातून आवाज आला, खोल, दोनदा. भागूबाईनं ताईची बाही घट्ट पकडली.

"ताई, घुबड!"

"लांब की जवळ?"

"जवळ. फार जवळ. चल ना आत."

"थांब गं भागूबाई," ताई डोळे मिटून म्हणाली. "अजून ओरडतंय?"

ताईचे डोळे मिटलेले होते, म्हणून भागूबाईनं तिच्या हातावर हात दाबून हो म्हटलं. या खेपेला ते खरं होतं.