धागा तोडणारी गोळी

अक्काताईच्या बोटांतून धागा तिसऱ्यांदा निसटला आणि नेमका तेव्हाच गुंडूअण्णा मागाजवळ येऊन उभा राहिला.

"आक्का, चारच्या आत हुईल न्हवं?"

"व्हतंय की. आजपत्तोर कधी राह्यलंय?"

"राह्यलं न्हाय म्हणूनच इचारतोय. गाठी मारायचं मशीन घिऊन एकजण वडगावात आलाय. आज राह्यलं तर उद्या त्येला बोलवावं लागंल, बघा."

बोलला तो हळूच, पण लागायचं तिथे लागलं. गुंडूअण्णा मालक म्हणून वाईट नव्हता. मागावरची साडी उतरली की नव्या ताण्याचा एकेक उभा धागा जुन्याच्या शेपटाला जोडायचा आणि तोवर माग मुका उभा, एवढंच त्याचं दुखणं. दोन हजारांवर धागे. चिमटीत धरायचे, राखेचं बोट लावून पीळ द्यायचा, पुढचा घ्यायचा. या कामाला सांधणी म्हणत आणि शहापुरातल्या त्या गल्लीत तीस वर्षं सांधणी म्हटलं की अक्काताईच. तिच्या सांध्यावरून हात फिरवला तर जोड कुठे आहे ते कळत नसे.

आता तिच्या अंगातलेच सांधे फितूर झाले होते. कोपरावरचे पांढरट खवले जुनेच. लोक नायटा म्हणून लांब सरकत आणि ती पोलक्याच्या बाह्या लांब शिवून घेई. पण गेल्या वर्षापासून नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले, सकाळी मूठ मिटेना आणि उजव्या हाताची दोन बोटं गाजरासारखी सुजून वाकडी होत चालली.

सहा महिन्यांपूर्वी तिची सून माधवी तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टर धारवाडकडचा, तरुण, हौसेने शिकलेलं मराठी बोलणारा. इथल्या सगळ्यांसारखी कानडी अक्काताईलाही येत होती; मेला कानडीत बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. माधवी रक्ताच्या चिठ्ठ्या आणायला बाहेर गेली होती, तेवढ्यात तो म्हणाला, "हे सोरायसिस आहे, आजी. कातडीचं आणि सांध्याचं दुखणं एकच. आतल्या पेशींना सारखा निरोप जातो, वाढा, सुजा. थांबतच नाही. ही गोळी तो धागा तोडते. रोज घ्यायचं, सोडायचं नाही."

अक्काताईच्या कानात तेवढं एकच राहिलं. गोळी धागा तोडते! तुटलेला धागा दिसला की हातातला घास टाकून उठणारी बाई ती. असली गोळी पोटात गेली आणि बोटांतली कलाच तुटली तर? माधवी महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणून देई, अक्काताई "घेतली गं" म्हणे आणि पाकिटं लपवून ठेवी.

दुपारी माधवी भाकरी घेऊन आली. मागाजवळच्या वाटीतली राख संपत आलेली तिने पाहिली आणि न सांगताच घरी जाऊन राखेचा मोठा डबा घेऊन आली. अक्काताईची मान खाली, तिला पत्ताच नाही. डबा जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला तशी तिने वर पाहिलं; तोवर माधवीने वाटी भरायला आत हात घातला होता.

"आत्ती, ह्ये काय?" माधवीच्या हातात राखेने माखलेली सहा पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं.

अक्काताईने पुढचा धागा चिमटीत धरला.

"मी आनते, तुमी पुरून ठिवताय? का?"

"डॉक्टर म्हणाला न्हवं, धागा तोडती म्हणून! माझ्या हातात दुसरं काय हाय गं? ह्येच गेलं तर मी कोन?"

माधवीला रडू यावं की हसू, कळेना. ती कंग्राळीच्या शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन आली तेव्हा तिला ताणा-बाणाही ठाऊक नव्हता. पण तिने वर मागावरच्या जेकार्डाकडे, नक्षी पाडणाऱ्या त्या भोकांच्या पुठ्ठ्यांच्या माळेकडे बोट केलं.

"आत्ती, त्यातला एक पुठ्ठा अडकला की काय हुतंय?"

"तीच कुयरी पडत ऱ्हाती. साडी वाया."

"मग तुमी काय करता? ताणा तोडता?"

"ताणा कशाला? वरची दोरी सोडवायची. न्हाय सुटली तर तोडायची."

"मग? तुमच्या अंगात पुठ्ठा अडकलाय. सूज, सूज, सूज. गोळी त्येची दोरी तोडती. ताणा न्हवं."

अक्काताई वर बघत राहिली. तीस वर्षं तो पुठ्ठा तिच्या डोक्यावर खटखटत होता. मग तिने आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"आन हिकडं. आत्ताच गिळतो दोन."

"तसं न्हाय. आदी डॉक्टर. पाचपत्तोर बसत्यात ते."

मागावर तीनशे धागे लोंबत होते. अक्काताई अर्ध्या ताण्यावरून कधी उठली नव्हती, मुलाच्या वेळेला कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा. ती उठली. "आण्णा, तीनशे राह्यल्यात. दवाखान्यात जाऊन येतो."

गुंडूअण्णाने घड्याळाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच तिच्या बोटांकडे.

डॉक्टरने एक्स-रे उजेडावर धरला आणि या खेपेला तो कानडीत बोलला. ही दोन बोटं आता सरळ होणार नाहीत. गोळी वेळेवर घेतली असती तर झाली असती. बाकीची आठ वाचवू. रक्त पुन्हा तपासून गोळी चालू करू. अक्काताईने मान हलवली. रिक्षात मात्र ती पदर तोंडाला लावून बसली आणि माधवीनेही तिला उगी केलं नाही.

सहा वाजता दोघी परत आल्या. मशीनवाल्याला कुणी बोलावलं नव्हतं. गुंतू नयेत म्हणून गुंडूअण्णाने सुट्या धाग्यांवर आपला पंचा पसरून ठेवला होता.

अक्काताईने पंचा बाजूला केला. वाकड्या बोटांच्या आकड्यात धाग्यांची जुडी अडकवली. ती निसटली नाही.

"बस हितं," ती माधवीला म्हणाली. "राख लाव. पीळ उजवा दे. उजवा गं!"

माधवीने दोन टोकं जुळवली, पीळ दिला, श्वास रोखून हात काढला. अक्काताईने त्या जोडावरून चांगलं बोट फिरवलं. जाड लागला.

"तोड," ती म्हणाली. "आन परत जोड."