शिट्टीपुढं टिकलेली कॅप

"बाबा, एक वेळ जबडा हलेल, पण ही कॅप हलायची नाही!" दातांच्या डॉक्टरांनी आपल्या सासऱ्यांच्या पुढच्या दातावरच्या नव्या कॅपवर टिचकी मारून सांगितलं.

सासरे फुटबॉलचे पंच. चौथ्याच दिवशी सराव सामन्यात त्यांनी शिट्टी फुंकली आणि आवाजाच्या आधी कॅप बाहेर पडली. खेळ थांबला. बावीस खेळाडू गवतात रांगायला लागले. कॅप सापडली गोलकीपरला. त्या दिवशी त्याच्या हाती लागलेली ती एकमेव गोष्ट.

"जावईबापू," सासरे फटीतून म्हणाले, "रविवारी फायनल. पंच म्हणून माझी शेवटची. आणि या फटीतून नुसती हवा जातेय. समिती म्हणते, शिट्टी ऐकू आली नाही तर राखीव पंचाला उभं करू."

राखीव पंच म्हणजे सासऱ्यांचे साडू. म्हणजे प्रश्न आता दाताचा राहिलाच नव्हता.

डॉक्टरांनी कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये फोन लावला. तिथल्या बाई दिवसभर भट्टीत दात भाजायच्या, म्हणून सगळे त्यांना भट्टीताई म्हणायचे.

"कॅपला आतून काय लावलंत?" भट्टीताईंनी विचारलं.

"नेहमीचं सिलेन प्रायमर, सिमेंटला पकड यायला. त्यावर रेझिन सिमेंट."

"अहो, ते काचेच्या सिरॅमिकला! ही झिर्कोनियाची आहे. हिच्यात काच औषधालाही नाही, सिलेननं धरायचं कुणाला? हिचं प्रायमर वेगळं, फॉस्फेटवालं. चिठ्ठीत लिहिलं होतं की!"

चिठ्ठी डॉक्टरांच्या डुगडुगत्या स्टुलाच्या पायाखाली होती.

नवं प्रायमर आलं. कॅप आधी दातावर बसवून बघितली, तिला थुंकी लागली. डॉक्टर पडले स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी कॅप आतून अ‍ॅसिडनं दोनदा घासली, धुतली, वाळवली, मग प्रायमर, मग सिमेंट. "आता बिनधास्त फुंका!"

शुक्रवारी सासऱ्यांनी दवाखान्यातच फुंकून बघितलं. कॅप सुसाट गेली ती समोरच्या भिंतीवरच्या डॉक्टरांच्या पदवीवर. काच तडकली.

आता भट्टीताई स्वतःच आल्या. "धुतली कशानं?"

"फॉस्फरिक अ‍ॅसिडनं. दोनदा!" डॉक्टर छाती काढून म्हणाले.

भट्टीताईंनी कपाळावर हात मारला. "थुंकीत फॉस्फेट, अ‍ॅसिडमध्येही फॉस्फेट! प्रायमरनं जिथं बसायचं, तिथं तुम्ही आधीच पाहुणे बसवून ठेवलेत. ते बिचारं उभ्या उभ्या आलं आणि गेलं."

"म्हणजे मी जितकं स्वच्छ केलं..."

"तितकं वाटोळं केलंत."

"पोरीच्या लग्नाच्या वेळीच मी तिच्या आईला म्हटलं होतं," सासरे खुर्चीतून बोलले, "मुलगा जरा जास्तच स्वच्छ आहे."

भट्टीताईंनी कॅपच्या आत बारीक पावडरीचा फवारा मारून जुनं सगळं खरवडून काढलं. वर लगेच प्रायमर. डॉक्टरांनी सिमेंट भरून कॅप बसवली. तेवढा वेळ अ‍ॅसिडची बाटली कपाटात बंद होती आणि किल्ली सासऱ्यांच्या मुठीत.

रविवारी मैदान खच्चून भरलं होतं. साडू कडेच्या बाकावर आपली शिट्टी रुमालानं पुसत बसले होते. सासऱ्यांनी पहिली फुंकली. पार रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून उभं राहिलं. पुढच्या फाउलला तर त्यांनी गरज नसताना तीनदा फुंकली, तीही साडूंकडे तोंड करून. दोन पेनल्ट्या, एक मारामारी, अठ्ठेचाळीस शिट्ट्या. कॅप जागची हलली नाही. गोल झाला की डॉक्टर गप्प बसत आणि शिट्टी वाजली की टाळ्या पिटत. शेजारचे प्रेक्षक हळूहळू सरकून बसले. भट्टीताई तोंडात दोन बोटं घालून सासऱ्यांना साथ देत होत्या. साडूंनी शेवटी शिट्टी खिशात टाकली.

वेळ संपली. सासऱ्यांनी बाकासमोर येऊन छातीभर श्वास घेतला आणि आयुष्यातली सगळ्यात लांब शिट्टी फुंकली. कॅप पक्की राहिली. तिच्या शेजारचा दात साडूंच्या मांडीवर जाऊन पडला. तो सासऱ्यांचा स्वतःचा होता.