कापसावरून चालताना

कादंबरी हातात आली की आई आधी शेवटचं पान वाचायची. दोघांचं जमलंय, कुणी मेलेलं नाही, एवढी खात्री पटली की मगच ती पहिल्या पानाकडे वळायची. वाचनालयातून ती प्रेमकथांचे गठ्ठे आणायची आणि धाकटी लेक त्यावर तोंडसुख घ्यायची.

"सगळं पुस्तकभर नुसती नजरानजर. या लोकांना काही कामधंदा नसतो का गं?"

"आणि तुझ्या पुस्तकात? उघडलं की मुडदा. चहाबरोबर मुडदे वाचणारी पोरगी माझ्याच पोटी यायची होती!"

धाकटीला खरंच रहस्यकथांचं वेड होतं. दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे आणि घरी येऊन खुनी शोधायचा. पुस्तक अर्धं झालं तरी खुनी ओळखता आला नाही, तर तिला चुटपुट लागून राहायची. लेखक काहीच लपवत नाही, असं तिचं मत होतं. सगळे पुरावे तो डोळ्यांसमोर मांडतो. फक्त ते विनोदात, गप्पांत पेरतो आणि आपण हसून पुढे जातो. ती हे आईला रंगवून सांगायची. आई जांभई द्यायची.

शूज घ्यायचं निघालं ते चपलेवरून. हल्ली आईच्या पायातली चप्पल जिन्यातच राहायची आणि आई तशीच पुढे जायची. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू चप्पल घेऊन दारात उभ्या राहिल्या. "ही आमच्याकडे मुक्कामाला आली होती. परत घेताय की ठेवून घेऊ?" तिघी पोट धरून हसल्या. मग धाकटीच म्हणाली, "चल, पायाला घट्ट धरून बसतील असे शूजच घेऊ तुला."

म्हणाली खरी, पण लगेच पस्तावली. आईबरोबर पादत्राणं घेणं म्हणजे अख्खा दिवस गेला समजायचा. इथे चावतंय, तिथे टोचतंय, टाच बाहेर येतेय, अंगठा गुदमरतोय. आईला लांबून येताना पाहून एका दुकानदारानं शटर ओढून घेतलं होतं, असं वडील शपथेवर सांगायचे.

दुकान उजेडानं लखलखत होतं. सेल्समन वयस्कर आणि बोलका होता. त्यानं आईला स्टुलावर बसवलं, दुकानातले पातळ काळे मोजे दिले आणि पहिला जोड पुढे केला. आई चपला काढून, मोजे चढवून, आरशापर्यंत जाऊन आली.

"अगदी कापसावर चालल्यासारखं वाटतंय."

"काकू, हे आमच्या जाहिरातीत टाकू का?" सेल्समन खूश झाला.

धाकटी थक्क झाली. पहिल्याच जोडाला होकार? तिनं गंमत म्हणून फळीवरचा दुसरा, कडक आणि निमुळता जोड उतरवला. तो एक नंबर लहानही होता. आईनं तो खटपट करून चढवला आणि चालून आली.

"हाही छान आहे की. कापूसच."

"आई, तुझी बोटं दुमडली असतील त्यात."

"छे गं. उगीच खोड काढू नकोस. इतकी वर्षं मी काढायचे, आता तू सुरू कर."

सेल्समन हसला. धाकटीही हसली, पण उशिरा. त्यानं जोड खोक्यात ठेवताना सवयीनं बुटात हात घातला आणि कागदाचा एक कडक बोळा बाहेर काढला.

"अरेच्चा, हा आतच राहिला होता. काकू, टोचला नाही तुम्हाला?"

"नाही बाई," आई म्हणाली.

धाकटी बोळ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, जरा उभी राहा. नुसत्या मोज्यांवर. फरशी कशी लागतेय?"

"कशी म्हणजे? कापसा..." आई थांबली. "हल्ली सगळीकडे कापूसच असतो."

जिन्यातली चप्पल. कुरकुर न करता पसंत केलेले शूज. रक्तातली साखर वाढल्याचं कळल्यावर सुरू झालेल्या आणि "मला काही होत नाही" म्हणून आईनं परस्पर बंद केलेल्या गोळ्या. साखर मज्जातंतूंना टोकाकडून खात येते, हे धाकटीनं पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. आधी पाय बधिर होतात. मग जखम झालेली कळत नाही. आणि मग पाय वाचवायचा की माणूस, हे डॉक्टर ठरवतात. सगळं तिच्या डोळ्यांसमोर मांडलेलं होतं आणि ती पोट धरून हसली होती.

तिनं आईला बसवलं, खाली बसून तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. "डोळे मीट. मी हात लावला की सांग."

"हे काय पोरकट, लोक बघतायत." तरी आईनं डोळे मिटले.

धाकटीनं मोज्यावरून अंगठा धरला. दाबला. आणखी जोर लावला. तिचं स्वतःचं नख पांढरं पडलं.

आई शांत बसून होती, चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू.

"लाव ना गं. किती वेळ थांबू?"

सेल्समनच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. आईनं डोळे उघडले. आधी धाकटीचा चेहरा पाहिला, मग स्वतःचा पाय आणि त्यावरची घट्ट मूठ.

"शूज नंतर घेऊ," धाकटी म्हणाली. "आधी दवाखान्यात जाऊ. आत्ताच."

आईनं घाईघाईनं मोजे ओढून काढले, खाली बघून बघून एकेक चप्पल पायात सरकवली.

"तुला माहितीये ना पुढे काय असतं? तू वाचलेलं असणार."

"आई..."

"मला शेवट सांगू नकोस," आई म्हणाली आणि दाराकडे चालू लागली.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिची डावी चप्पल मागे राहिली. धाकटीनं वाकून ती उचलली. चप्पल अजून कोमट होती. तळाला, टाच टेकते तिथे, एक डाग होता. कडेनं वाळून तपकिरी झालेला, मधोमध ओला, लालसर.

"आई, थांब!"

आई उरलेल्या पायऱ्या उतरून रस्त्यावरच्या खडीवर पोचली होती. एक पाय अनवाणी, आणि चाल अगदी सहज.