दोघांचा दोष

अंबूताई खुर्चीवरून पुन्हा उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पडदा सारून बाहेर पाहून आल्या. गुरुराज बाकावर होते तसेच बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. आत यायचं नाही, हे त्यांनी धारवाडहून निघतानाच बायकोला सांगून टाकलं होतं.

"अज्जी, कुंद्री," नर्स म्हणाली.

"बसते गं, बसते."

बसल्या, पण पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळणं थांबेना. शेजारी नात होती, वेदश्री. तिला पाचवा महिना. तिचे वडील पद्मनाभ, अंबूताईंचा एकुलता एक मुलगा, यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आपल्या बाळाचं काय, या धास्तीनं वेदश्रीनं हुबळीच्या या दवाखान्यात स्वतःचं आणि वडिलांचं रक्त तपासायला दिलं होतं.

अंबूताईंना बाळाची काळजी होतीच. पण जीव अडकला होता दुसरीकडं. त्यांचं लग्न सख्ख्या मामाशी, गुरुराजांशी झालं होतं. तेव्हा धारवाडच्या मळमड्डी भागात अशी लग्नं सर्रास होत. मुलगी घरातच राहते म्हणून थोरली माणसं खूश असत. पद्मनाभ ताट पडलं तरी दचकत नाही हे कळलं, आणि त्याच माणसांचा सूर पालटला. "रक्तात रक्त कालवलं, दुसरं काय होणार?" शेजारच्या कृष्णाबाई हळदीकुंकवाला भरल्या बायकांत म्हणाल्या होत्या. गुरुराज कुणाला उलट बोलले नाहीत. दुसऱ्या मुलाचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

डॉक्टरीणबाई आल्या त्या हसतच. "वेदश्री, तुझ्यात काही नाही. तुझ्याकडून बाळाला हे जाणार नाही."

वेदश्रीनं डोळे मिटून घेतले.

"आणि पद्मनाभचं?" अंबूताईंनी विचारलं. "ते आमच्या लग्नामुळं ना?"

"नाही, अज्जी."

"नाही म्हणजे?"

"मामा-भाचीच्या लग्नात एकच बिघडलेला जीन दोन्हीकडून येऊ शकतो, ते खरं. पण तुमच्या मुलाचा जीन बिघडलेलाच नाही." त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "पेशीच्या पोटात एक केंद्रक असतं, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही एवढं. त्यात माणसाच्या उंचीहून लांब धागा घड्या घालून भरलेला असतो. तुमचं साड्यांचं कपाट आहे ना? पुढच्या साड्या हाताला लागतात. मागं भिंतीला दाबून बसलेली?"

"ती निघतच नाही. आहे हेही विसरतो आपण."

"तसंच झालंय. धाग्याचा एक तुकडा उलटा जोडला गेला. ऐकण्यासाठी लागणारा जीन त्याच्यासोबत हलला आणि भिंतीकडच्या घट्ट घड्यांत जाऊन पडला. धड आहे, पण वापरात येत नाही. जोडीचा दुसरा चांगला आहे, पण एकट्याचं भागत नाही."

"म्हणजे साडी फाटलेली नाही."

"साधं भोकसुद्धा नाही."

अंबूताईंनी पदर सोडला. बोटांवर वळ उठले होते.

"मग आलं कुठनं?"

"बहुतेक गर्भ राहतानाच आपोआप झालं असेल. पण कधी कधी ते आईत किंवा वडिलांत असतं, पण त्यांच्यात ती घडी तेवढी घट्ट बसलेली नसते, म्हणून त्यांचे स्वतःचे कान शाबूत राहतात. पाहायचं तर तुम्हा दोघांचं रक्त घ्यावं लागेल. गरज अशी नाही. तुम्हाला हवं असलं तर…"

"घ्या," अंबूताई म्हणाल्या.

त्या बाहेर आल्या त्या जवळजवळ धावतच. "अहो, आपल्या लग्नानं नाही झालं! कृष्णाबाई असायला हव्या होत्या आज."

"गेली बिचारी. आता तरी सोड तिला," गुरुराज म्हणाले. मग नातीकडं वळले. "कशानं मग?"

"जागा बदलल्यानं, अज्जा. रक्त बघितलं की कळेल. एक तर तुमच्याकडनं आलं, नाहीतर अज्जीकडनं. नाहीतर कुणाकडनंच नाही."

गुरुराजांनी बायकोकडं पाहिलं.

"म्हणजे दोघांचं मिळून नाही."

"नाही," अंबूताई म्हणाल्या. मघाचा उत्साह आवाजात राहिला नव्हता.

नर्स सुया आणि नळ्या घेऊन आली. गुरुराजांनी काठी भिंतीला टेकवली आणि सदऱ्याच्या बाहीचं बटण काढलं.

"माझं आधी घे, बाई. माझ्यातच सापडेल बघ. सापडलं की मिटलं."

"आणि तुमच्यात नाही, माझ्यात सापडलं तर?" अंबूताईंनी विचारलं.

गुरुराजांनी बाही वर सारली आणि हात नर्सपुढं धरला. बायकोकडं त्यांनी पाहिलं नाही.

अंबूताई त्यांच्या शेजारी बसल्या. वर सारलेली बाही त्यांनी खाली ओढली, चुण्या हातानं सारख्या केल्या आणि बटण काजात घालू लागल्या. काज घट्ट होतं. वेळ लागला.

"आज नको गं," त्या नर्सला म्हणाल्या. "चला हो, बस चुकेल."

"धारवाडची बस कुठं चुकते? एकामागं एक आहेत की," गुरुराज म्हणाले.

"असू देत," अंबूताई म्हणाल्या आणि त्यांची काठी त्यांच्या हातात दिली.