डब्बा फोटोत आलाच नाही

मी सोलरची प्लेट बोलतेय. हो, तीच, एकाच आठवड्यात दोन पेपरांत फोटो आलेली. दोन्ही बातम्या वाचून तुम्हाला वाटलं असेल, या दोन वेगळ्या प्लेटा आहेत. नाही हो, दोन्हीकडे मीच. शेलूबाजारजवळ जगदेवच्या वावरात लोखंडी खांबावर आम्ही नऊ जणी बसवलेल्या आहोत, त्यातली सगळ्यात खालची मी.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. खोक्यात भरून, ट्रकमध्ये गचके खात इथं आले. आम्ही वीज करायची आणि खांबाला अडकवलेल्या डब्ब्यानं ती विहिरीतल्या पंपाला द्यायची, अशी कामाची वाटणी. पहिल्यांदा पाणी पडलं तेव्हा जगदेवच्या बायकोनं, गोजराबाईनं, माझ्या काचेवर हळदकुंकू लावलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनंच ते पदरानं पुसलं.

वर्षभर छान चाललं. मग ऐन हिवाळ्यात, हरभरा फुलावर असताना, डब्बा जळला. जगदेवनं तक्रार नोंदवली. मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत तीन आठवडे गेले. ऊन रोज पडतं, मी रोज तयार, पण माझी वीज घेणारंच कुणी नाही. असं नुसतं तापत बसण्याचा किती वैताग येतो म्हणून सांगू!

तेवढ्यात सरकारच्या वीज धोरणावरून पेपरवाल्यांची जुंपली. शेतकऱ्याला दिवसा सोलरचीच वीज द्यायची, हे धोरण बरं की वाईट? उत्तर दोघांचंही आधीच ठरलेलं. फोटो तेवढा हवा होता.

पहिला आला तो सरकारच्या बाजूचा. जगदेवची धांदल उडाली. पाहुणा कॅमेरा घेऊन आलाय, त्याला कोरडं कसं दाखवायचं? तो शेजारच्या हरिसिंगकडे धावला. हरिसिंगच्या विहिरीत त्याच्याच गव्हापुरतं पाणी, तरी त्यानं दहा मिनिटं दिलं. पाइप ओढून आणला, माझ्याखाली पाणी सोडलं आणि फोटो निघाला.

गोजराबाईनं मात्र खरं ते सांगितलं. "योजना चांगली हाये भाऊ, लय पानी देल्लं. आता डब्बा जयला, अन् कोनी येऊन नाही राह्यलं."

दोन दिवसांनी विरोधातला आला. त्यानं फोटोसाठी गोजराबाईला डोक्याला हात लावून बसवलं. तिनं त्यालाही तेच सांगितलं, शब्दही बदलला नाही.

एकानं छापलं, 'योजना चांगली, लय पाणी दिलं.' दुसऱ्यानं छापलं, 'कोणीच येत नाही,' आणि वर स्वतःचं 'योजना फसली' जोडलं. बाईचं एकच बोलणं दोघांनी अर्धंअर्धं वाटून घेतलं. डब्ब्याचं नाव दोघांनीही गाळलं. फोटोतही मी चकाचक, आणि माझ्याखालचा डब्बा कापलेला.

जगदेव दोन्ही पेपर घेऊन मंगरूळपीरच्या ऑफिसात गेला. परत आला तो माझ्या सावलीत मटकन बसला.

"काय म्हने साहेब?" गोजराबाईनं विचारलं.

"पयला पेपर दाखवला. म्हने, पानी तं पडून राह्यलं, तक्रार कायची? तक्रार बंद केली."

"अन् दुसरा?"

"तो पाहून म्हने, कोन्त्या पार्टीचे तुमी?"

"तुमाले कोनं सांगतलं होतं पानी दाखवाले?"

"पाहुना होता वो. कोरडं कसं दाखवू?"

मला तर असा राग आला, की काच तडकते की काय! पण कुणाचा राग करू? या भोळ्याचा करवत नाही, आणि ते दोघे पेपरवाले पुढच्या गावाला गेलेले.

आज टीव्हीवाल्यांचा फोन आला. चर्चेसाठी चित्र पाहिजे, तासाभरात पोचतो म्हणाले. जगदेव सवयीनं उठला आणि हरिसिंगकडच्या पाइपाला हात घातला. गोजराबाई येऊन सरळ पाइपावर बसली. जगदेवनं दोनदा ओढून पाहिलं, मग तोही शेजारी टेकला.

हरभऱ्याला घाटे धरलेत. एक पाणी मिळालं तर भरतील, नाही तर पोचट राहतील. आठ दिवस आहेत हातात, फार तर दहा.

तर या, टीव्हीवाल्यांनो. धोरणाची बाजू घ्या नाही तर विरोधात बोला, मला त्याचं काही नाही. फक्त कॅमेरा लावताना जरा खाली वाका. डब्बा तिथंच आहे.